फायबर होडीतला बिल्ज पंप : बदलणं, बसवणं आणि वायरिंग

होडीच्या तळाशी पाणी साचतंच. लाटेचा तुषार, जाळ्याबरोबर वर आलेलं पाणी, एखाद्या बोल्टातून होणारी बारीक गळती, आणि कोकणात सगळ्यात मोठा हिस्सा पावसाचा. वीस फुटी उघड्या होडीचं तोंड साधारण आठ-नऊ चौरस मीटरचं धरा. रात्रीत १०० मिमी पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो पडतोच, तर सकाळी होडीत आठ-नऊशे लिटर पाणी असतं. जवळजवळ एक टन. नांगरावर उभी असलेली होडी मागच्या बाजूने बसते, मोटर पाण्यात जाते, आणि हे सगळं माणूस घरी झोपलेला असताना होतं. ते टाळणारं यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा बिल्ज पंप.

हा पंप बदलायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण बदललेला पंप तीन महिन्यांत पुन्हा बंद पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा पंपाचा नसतो. तो वायरच्या जोडाचा असतो. त्यामुळे या लेखात पंपापेक्षा जोड, वायर आणि पाइप यांवर जास्त लिहिलं आहे.

आधी खात्री करा : पंप खरंच गेलाय का?

कुठल्याही वायरला हात लावण्याआधी तळावरच्या फळ्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं वारा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते आणि एका ठिणगीला पेटते. पेट्रोलचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत काम सुरूच करू नका. मग बॅटरीची काळी वायर आधी सोडा, लाल नंतर. जोडताना उलट करा, लाल आधी आणि काळी शेवटी. काळी आधी सुटलेली असली की लाल सोडताना पाना चुकून इंजिनाला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

आता फ्यूज पाहा. तो चांगला असेल तर पंप जागेवरून काढा. बऱ्याच पंपांना बाजूला दोन खटके असतात. ते दाबले की मोटरचा भाग जाळीच्या बैठकीतून सुटून येतो. आतल्या पंख्याभोवती नायलॉनचा धागा, कोळंबीच्या मिशा, खवले, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला नाही ना ते बघा. जाळ्याचा एक वितीएवढा धागासुद्धा पंखा जाम करतो. पंखा बोटाने सहज फिरला पाहिजे.

पंखा मोकळा असेल तर पंपाच्या दोन वायरी होडीच्या वायरिंगपासून सोडवा, पंप पाण्याच्या बादलीत बुडवा आणि मध्ये फ्यूज ठेवून सरळ बॅटरीला लावा. जोरात पाणी फेकलं तर पंप ठणठणीत आहे, बिघाड वायरिंगमध्ये आहे. नवा पंप घेऊन तो जाणार नाही.

इथे मल्टिमीटर फसवतो, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. पंप न जोडता वायरच्या टोकाला व्होल्टेज मोजलं तर १२.६ दिसतं आणि वाटतं की करंट नीट येतोय. पण आत एकच तार शिल्लक असेल तरी मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. पंप जोडून, चालू ठेवून, पंपाच्या टोकाशीच मोजा. रीडिंग ८ किंवा ९ वर कोसळलं तर वाटेत कुठेतरी जोड सडलेला आहे.

तो जोड सापडला की वायरचं प्लॅस्टिक सोलून पाहा. चांगलं तांबं लालसर चमकतं. खाऱ्या पाण्याने धरलेलं तांबं काळं-हिरवं होतं, बोटात चुरडलं की भुकटी पडते. हा काळेपणा केशाकर्षणाने प्लॅस्टिकच्या आतून वर वर चढत जातो, कधी कधी वीतभरापेक्षाही जास्त. चमकतं तांबं लागेपर्यंत कापत जा. काळ्या तारेवर नवा जोड मारला तर ती मेहनत फुकट जाते.

किती मोठा पंप?

पंपांवर गॅलन प्रतितास असा आकडा असतो, जीपीएच. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. म्हणजे ५०० जीपीएचचा पंप मिनिटाला साधारण ३१ लिटर आणि ११०० चा मिनिटाला ६९ लिटर. पण हा आकडा पाइप न लावता, पाणी वर न चढवता, भरपूर व्होल्टेजवर मोजलेला असतो. होडीत पाणी मीटरभर वर चढतं, पाइपातून वळतं, बॅटरी थोडी उतरलेली असते. प्रत्यक्षात हाती अर्धं ते दोन तृतीयांश पडतं.

आता गळतीशी तुलना करा. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंमीवर २५ मिमीचं एकच भोक पडलं तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. ५०० चा पंप तिथे हरतो. १८ ते २२ फुटांच्या होडीला ११०० च्या खाली जाऊ नका. जागा आणि बॅटरी असेल तर दोन पंप उत्तम : एक छोटा अगदी तळाला, रोजच्या पाण्यासाठी, आणि दुसरा मोठा त्याच्यापेक्षा आठ-दहा सेंमी वर, संकटासाठी. वरचा पंप बहुतेक काळ कोरडा राहतो, त्यामुळे गरज पडते तेव्हा तो चालण्याची शक्यता जास्त.

बॅटरीचा हिशोबही करून ठेवा. ११०० चा पंप साधारण ४ अँपियर घेतो असं धरलं तर १०० अँपियर-तासाची बॅटरी अर्धी होईपर्यंत तो सलग साडेबारा तास चालेल. थोड्या गळतीला हे पुष्कळ आहे. पण होडी आठवडाभर नांगरावर एकटी असेल तर पंपाच्या भरवशावर गळती तशीच सोडता येत नाही.

काही पंपांत फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून वर उचलला जाणारा आणि पंप चालू करणारा स्विच, वेगळा नसतो. ते दर काही मिनिटांनी स्वतःच क्षणभर फिरून पाणी आहे का ते चाचपतात. रोज चार्ज होणाऱ्या होडीत ते चालतात. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या होडीत ते बॅटरी थेंबाथेंबाने पितात, म्हणून तिथे वेगळा फ्लोट स्विचच बरा.

पाइप

पंप बदलताना जुनाच पाइप ठेवायचा मोह होतो. पाइप आतून गुळगुळीत असेल आणि मऊ असेल तर ठेवा. वॉशिंग मशीनच्या पाइपासारखा आतून वळ्यावळ्यांचा असेल तर काढून टाका. त्या वळ्या पाण्याचा वेग मारतात आणि मत्स्यगाळ तिथेच साठतो. पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडाएवढाच हवा : ५०० च्या पंपाला साधारण १९ मिमी, ११०० ला २८ मिमी. रिड्यूसर लावून बारीक पाइप जोडला की मोठ्या पंपाचा छोटा पंप होतो.

पाइप पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढता गेला पाहिजे. मध्ये कुठे लोंबला तर त्या खळग्यात पाणी राहतं, पंपात हवा अडकते. मोटर गुणगुणते आणि पाणी मात्र येत नाही. अशा वेळी पंप खराब समजून फेकला जातो. पाइप उचलून धरला आणि पाणी सुरू झालं तर दोष तोच.

बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा निदान २०-३० सेंमी वर असावं, तेही होडी मालाने भरलेली आणि एका बाजूला कललेली असताना. नाहीतर पंप बंद झाल्यावर समुद्राचं पाणी त्याच वाटेने आत येतं, सायफनसारखं, आणि पाणी काढणारा पंपच होडी भरतो. जागेची अडचण असेल तर पाइपाला आतल्या बाजूने कठड्याच्या खालपर्यंत उंच वळसा देऊन वर हवा घेणारी झडप बसवा. यावर उपाय म्हणून पाइपात एकदिशा झडप घालू नका. तिच्यात खवला अडकला की ती अर्धी उघडी राहते. शिवाय तिच्यावरचं पाणी पंपावर दाबून बसतं, त्यामुळे हवा बाहेर पडत नाही.

बाहेरचं तोंड पांढऱ्या प्लॅस्टिकचं असेल तर नखाने खरवडून पाहा. उन्हाने ते ठिसूळ होतं आणि एक दिवस कॉलर तुटून भोक उघडं पडतं. पिठूळ पांढरी भुकटी निघाली तर आताच बदला. क्लिपा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्या, स्क्रूसकट. बाजारात पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात. लोहचुंबक लावला की लगेच कळतं.

बैठक

तळाला थेट स्क्रू मारू नका. फायबर होडीचा तळ काही ठिकाणी आठ-दहा मिमीच असतो आणि प्रत्येक स्क्रू हे भावी भोक असतं. १२ मिमी मरीन प्लायचा किंवा फायबरचा तळहाताएवढा तुकडा घ्या, प्लाय असेल तर सगळ्या कडांना रेझिन पाजा. पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधून जाणाऱ्या कण्याच्या शेजारी, होडी उभी असताना पाणी सगळ्यात जास्त जिथे साचतं ती जागा शोधा. बहुतेक होड्यांत ती मागच्या आडव्या फळीजवळ असते. जागा ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि तुकडा इपॉक्सीने चिकटवा. पाणी किंवा तेलाचा अंश राहिला तर तुकडा निघून येतो. एक दिवस थांबा. मग पंपाची जाळी त्या तुकड्यावर स्टेनलेसच्या आखूड स्क्रूने बसवा. स्क्रू तुकड्यापेक्षा आखूड आहे ना ते मोजूनच मारा.

फ्लोट स्विच पंपाच्या शेजारी, पंपाच्या बुडाइतका किंवा किंचित वर बसवा. खाली बसवला तर पंपाला उचलता न येणाऱ्या पाण्यावर तो तरंगत राहतो आणि पंप कधीच थांबत नाही. फ्लोटची दिशा पठाणाला समांतर ठेवा. आडवा बसवला तर होडी डोलताना तो सारखा चालू-बंद होतो. फ्लोट वर उचलल्यावर वायर, पाइप किंवा फळी त्याला अडवत नाही ना, हे हाताने दोन-चार वेळा करून पाहा.

पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खाली येतं. २८ मिमीच्या पाइपात मीटरला ६०० मिलि पाणी मावतं, म्हणजे तीन मीटर पाइपात पावणेदोन लिटरच्या वर. तळाची खाच अगदी अरुंद असेल तर एवढ्यानेच फ्लोट पुन्हा उचलला जातो आणि पंप रात्रभर चालू-बंद, चालू-बंद करत बॅटरी संपवतो. पाइपाची लांबी कमी करा किंवा फ्लोट सेंमीभर वर घ्या.

वायरिंग

वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या. घरातल्या भांड्याला कल्हई का करतात ते आपल्याला माहीत आहे, इथेही कारण तेच. कथिलाचा थर तांब्याला हवेपासून आणि मिठापासून वाचवतो. घरगुती वायरिंगची साधी वायर स्वस्त पडते, पण होडीत दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते.

जाडी २.५ चौरस मिमी. का, तर हिशोब बघा. बॅटरी ते पंप चार मीटर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर. ४ अँपियरला २.५ ची वायर साधारण ०.२२ व्होल्ट खाते, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. १ चौरस मिमीची वायर ०.५६ व्होल्ट खाते, साडेचार टक्क्यांच्या वर. तीन टक्क्यांची मर्यादा धरून चाला. व्होल्टेज पडलं की पंपाचा वेग पडतो, आणि बॅटरी उतरलेली असते त्याच वेळी हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

जोडणी अशी. बॅटरीच्या लाल टोकापासून १८ सेंमीच्या आत फ्यूज. फ्यूजनंतर एक वायर सरळ फ्लोट स्विचकडे आणि तिथून पंपाच्या पॉझिटिव्हला. ही वाट मुख्य स्विचमधून नेऊ नका. होडी बांधून घरी जाताना मुख्य स्विच बंद केला जातो, आणि पंपाची खरी गरज तेव्हाच असते. दुसरी वायर वेगळ्या फ्यूजमधून स्टिअरिंगजवळच्या साध्या स्विचला आणि तिथून पुन्हा पंपाच्या पॉझिटिव्हला. हा हाताने चालवायचा रस्ता. फ्लोट अडकला किंवा एक फ्यूज गेला तरी दुसरा रस्ता उरतो. स्विचच्या पंपाकडच्या टोकाला एक छोटा दिवा लावा. तो कुठल्याही रस्त्याने पंप चालू झाला तरी पेटतो, आणि चालवणाऱ्याला खाली पाणी वाढतंय हे कळतं. पंपाची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पट्टीला न्या, इंजिनाच्या बोल्टाला किंवा कुठल्याही धातूला नाही.

बाजारात तीन बाजूंचा स्विच मिळतो, ऑटो-बंद-हात. तोही चालतो, पण मधल्या बंदवर तो विसरला गेला की फ्लोट मेला. म्हणून फ्लोट कायम जिवंत ठेवणारी वरची जोडणी जास्त सुरक्षित.

फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलेलाच लावा, हाताशी असलेला ३० अँपियरचा नाही. पंख्यात धागा अडकून मोटर थांबली की करंट कित्येक पट वाढतो. योग्य फ्यूज तिथेच उडतो. मोठा फ्यूज उडत नाही, मोटर आतून भाजते आणि प्लॅस्टिक वितळतं.

आता जोड. वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड होडीत काही महिनेच टिकतो. ओल टेपच्या आत शिरते आणि तिथेच राहते. फ्लोटच्या वायरला तर चोवीस तास १२ व्होल्ट असतात. ओल्या जोडातून करंट झिरपत राहतो आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं अक्षरशः विरघळतं. हाच झिरपणारा करंट तळाच्या पाण्यातून इतर धातूच्या वस्तूंना, इंजिनाच्या ब्रॅकेटपर्यंत, खातो. डागकाम करून जोडणंही एकट्याने पुरेसं नाही. डाग मारलेली तार कडक होते आणि कंपनाने कडेला तुटते.

आतून गोंद असलेले हीट श्रिंक क्रिंप जोड वापरा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायचे आणि गरम केल्यावर वायरवर आवळणारे. निळा जोड १.५ ते २.५ चौरस मिमीसाठी असतो. पंपाची स्वतःची वायर बहुतेक वेळा बारीक असते. तिचं प्लॅस्टिक दुप्पट लांब सोला, तार दुमडून दुहेरी करा, मग ती निळ्या जोडात घट्ट बसते. रॅचेट असलेल्या पक्कडीने दाबा, साध्या पक्कडीने नाही. दाबल्यावर दोन्ही वायरी जोर लावून ओढून पाहा. सुटली तर आत्ताच सुटलेली बरी. मग हॉट एअर गनने फिरवत गरम करा, दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर येईपर्यंत. लायटरने केलं तर बाहेरून जळतं आणि आतला गोंद वितळत नाही.

जोड कुठे आहे याला जोड कसा आहे याइतकंच महत्त्व आहे. पंपाची वायर तळातून सरळ वर न्या आणि निदान ४५ सेंमी उंचीवर जोडा, जिथे पंप बंद पडून पाणी भरलं तरी लवकर पोहोचणार नाही. जोडाच्या आधी वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जोडात न जाता झोळातून टपकेल. दर ४५ सेंमीवर वायर क्लिपने बांधा.

रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तपकिरी, तपकिरी-पांढरी, लाल, काळी असे रंग कंपनीगणिक बदलतात आणि तीन वायरींच्या पंपात ऑटोची कुठली, हाताची कुठली हे सोबतच्या कागदावरच पाहावं लागतं. साधा दोन वायरींचा पंप उलटसुलट जोडला तर तो बंद पडत नाही, उलटा फिरतो. आवाज येतो, पाणीही थोडंसं येतं, आणि लोक पाइप चोक झालाय म्हणून दिवसभर पाइप उपसत बसतात. नवा पंप जोडल्यावर पाणी कमी वाटलं तर आधी दोन वायरी अदलाबदल करून पाहा.

चाचणी

तळात २० लिटर गोडं पाणी ओता. स्विचने चालवून बाहेर बादली धरा. मिनिटाला ४० लिटर मिळत असतील तर २० लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरते. पंप चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या जोडावर व्होल्टेज मोजा. फरक ०.४ च्या आत हवा. मग फ्लोट हाताने उचला, सोडा. शेवटी मुख्य स्विच बंद करून फ्लोट पुन्हा उचला. पंप चालला नाही तर जोडणी चुकली आहे.

बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला तर पंप थांबवा. ते तेल समुद्रात जाऊ देऊ नका, आधी शोषक पॅडने किंवा जुन्या कापडाने टिपून घ्या. तेलाचा चिकटा फ्लोटच्या बिजागरीत बसला की फ्लोट वर अडकतो आणि पंप कोरडा फिरत राहतो.

मासेमारी चालू असताना आठवड्यातून एकदा जाळी काढून धुवा आणि फ्लोट उचलून पाहा. १ जूनला बंदी सुरू झाल्यावर होडी किनाऱ्यावर ओढली की तळाचा बूच काढून ठेवा. पाण्यातच ठेवायची असेल तर वर ताडपत्री ओढा, मध्ये आडवी काठी घालून ती उतरती ठेवा, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बॅटरी मोजायला जा. १२.२ च्या खाली असेल तर घरी आणून चार्ज करा. उपसायची बादली मात्र होडीतच, दोरीने बांधून ठेवा.